डॉक्टरीणबाई आमदार झाल्या त्याची गोष्ट

गावात महिलांसाठी वॉर्ड राखीव झाला, की घराघरांत एकच चर्चा सुरू होते. कुणाच्या बायकोला उभं करायचं? कुणाच्या सुनेला? बाईचं नाव, बाईचा फोटो आणि कारभार मात्र नवऱ्याचा, हे आपण पुष्कळ ठिकाणी पाहिलंय. आता जरा कल्पना करा. निवडणूक जाहीर झाली आहे. नवरा एका पक्षातून उभा आहे, बायको त्याच्याच विरोधी पक्षातून. निकाल लागतो. नवरा पडतो आणि बायको निवडून येते! आजही आपल्या गावात असं झालं तर महिनाभर पारावर दुसरा विषय निघणार नाही. मग सव्वाशेहून जास्त वर्षांपूर्वी काय झालं असेल?

ही गोष्ट अमेरिकेतल्या यूटा नावाच्या राज्यातली, १८९६ सालची. त्या बाईंचं नाव डॉ. मार्था ह्यूज कॅनन. घरचे लोक त्यांना मॅटी म्हणत. अमेरिकेत कुठल्याही राज्याच्या सिनेटवर निवडून गेलेल्या या पहिल्या महिला. राज्याची सिनेट म्हणजे साधारण आपल्याकडची विधान परिषद म्हणा, फक्त तिथे लोक थेट मतदान करून सभासद निवडतात. मार्थाबाईंचं नाव सहसा नवऱ्याला हरवणारी बाई म्हणूनच घेतलं जातं. पण मैत्रिणींनो, तेवढ्यावर थांबलो तर त्यांची खरी कमाई आपल्याला कळायचीच नाही.

वाटेतलं थडगं

मार्थाचा जन्म १ जुलै १८५७ चा, वेल्समधल्या लँडुडनो या समुद्रकाठच्या गावाजवळचा. आईवडिलांनी मॉर्मन हा नव्याने निघालेला ख्रिस्ती पंथ स्वीकारला होता. या पंथाचे लोक तेव्हा अमेरिकेच्या पश्चिमेकडे, यूटाच्या डोंगराळ मुलखात वस्ती करून राहत होते. आपल्या माणसांत जाऊन राहावं म्हणून हे कुटुंब समुद्र ओलांडून आधी न्यूयॉर्कला आलं. तिथून १८६१ मध्ये बैलांच्या गाड्यांच्या तांड्याबरोबर यूटाकडे निघालं. शेकडो मैलांचं ते माळरान. ना रस्ता, ना दवाखाना. वडील आजारी. मार्था अवघी चार वर्षांची आणि तिच्याहून लहान बहीण ॲनी. ही धाकटी वाटेतच गेली. माळावर खड्डा खणून तिला पुरलं आणि गाड्या पुढे निघाल्या. सॉल्ट लेक सिटीला पोचल्यावर तिसऱ्या दिवशी वडीलही गेले.

परक्या मुलखात पोचल्या पोचल्या आई विधवा झाली. आपल्याकडे त्या काळात विधवेच्या नशिबी काय होतं ते वेगळं सांगायला नको. तिथे मात्र आईने वर्षभरानंतर दुसरं लग्न केलं. हे सावत्र वडील, जेम्स पॉल, मोठे भले गृहस्थ निघाले. पहिल्या बायकोची मुलं, हिच्या मुली, मग आणखी झालेली मुलं असं भरलेलं घर. त्यात मार्थाच्या डोक्यात एकच, डॉक्टर व्हायचं. बहीण आणि वडील औषधावाचून गेलेले तिने पाहिले होते. सावत्र बापाने तिची थट्टा केली नाही, उलट धीरच दिला.

पुरुषी बूट आणि कापलेले केस

धीर मिळाला तरी पैसा कुठून यायचा? चौदाव्या वर्षी मार्थाने शाळेत शिकवून पाहिलं, पण ते काही जमेना. मग ती छापखान्यात लागली. तेव्हा शिशाचा एकेक खिळा उचलून मजकूर जुळवावा लागे. डोळे आणि बोटं दोन्ही शिणवणारं काम. ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे बायकांनी बायकांसाठी चालवलेलं नियतकालिक तिथे निघत असे, त्यासाठीही मार्था खिळे जुळवत होती. त्यातला बायकांच्या मताधिकाराचा मजकूर तिच्या हातून अक्षर अक्षर करून जात होता. तिचं राजकारणाचं पहिलं शिक्षण तिथेच झालं असणार.

छापखाना आणि कॉलेज दोन्ही सांभाळायचं, तर चिखलातून लांबलांब चालावं लागे. म्हणून तिने पुरुषांचे जाड बूट घेतले. वेणीफणीत वेळ जातो म्हणून केस आखूड कापले. लोक काय म्हणत असतील! पण तिच्याकडे ते ऐकायला वेळ नव्हता.

१८७८ मध्ये तिने रसायनशास्त्राचं शिक्षण पुरं केलं आणि मिशिगन विद्यापीठात डॉक्टरी शिकायला गेली. तिथे राहण्याखाण्याचा खर्च भागावा म्हणून खाणावळीत भांडी घासली, लोकांची अंथरुणं आवरली. १ जुलै १८८० ला, बरोबर तेविसाव्या वाढदिवशी, तिच्या हातात डॉक्टरीची पदवी पडली.

मिशिगनमधल्याच अल्गोनाक नावाच्या छोट्या गावात थोडे दिवस दवाखाना चालवून त्या पुढे शिकायला फिलाडेल्फियाला गेल्या. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात पंचाहत्तर जणांच्या वर्गात बाई एकटी त्याच. शिवाय वक्तृत्वाच्या शाळेतही नाव घातलं. डॉक्टरला भाषण कशाला शिकायला हवं, असं वाटेल. पण आरोग्याच्या गोष्टी चार लोकांपुढे उभं राहून सांगता आल्या पाहिजेत, हे त्यांनी पंचविशीच्या आतच ओळखलं होतं.

फिलाडेल्फिया म्हटलं, की आपल्या डोळ्यांपुढे आनंदीबाई जोशी येतातच. १८८२ मध्ये मार्थाबाई तिथलं शिक्षण पुरं करून घरी परतल्या आणि पुढच्याच वर्षी आनंदीबाई त्याच शहरातल्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाल्या. दोघींची भेट काही झाली नाही. पण एक वेल्समधून आलेली गरिबाची पोर आणि एक आपल्या महाराष्ट्रातली लहानपणीच लग्न झालेली मुलगी, दोघी एकाच शहरात एकच विद्या शिकून गेल्या. जवळच्या माणसाचा मृत्यू दोघींनीही पाहिला होता. आनंदीबाईंचं तर तान्हं बाळच गेलं होतं.

बायकांचं इस्पितळ

तेव्हा यूटा हे पुरतं राज्यही झालं नव्हतं. विखुरलेल्या वस्त्या, शेतकरी, गुराखी, खाणकामगार. बाळंतपणं घरीच सुइणींच्या हातून व्हायची. पंथातल्या महिलांच्या संघटनेने खटपट करून १८८२ मध्ये सॉल्ट लेक सिटीत डेझरेट हॉस्पिटल उभं केलं आणि मार्थाबाई तिथे निवासी डॉक्टर झाल्या. रोगी तपासणं, बाळंतपणं करणं, शिवाय मुलींना शुश्रूषा शिकवणं, सगळं त्यांच्याकडेच. एकटी डॉक्टर किती घरांना पुरणार? घरोघरी शिकलेल्या हातांची गरज आहे, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

याच हॉस्पिटलच्या कारभारात अँगस कॅनन हे पंथातले बडे प्रस्थ होते. वयाने मार्थाबाईंपेक्षा तेवीस वर्षांनी मोठे आणि आधीच तीन बायकांचे नवरे. मॉर्मन पंथात तेव्हा पुरुषाने अनेक बायका करण्याची रीत धर्माला धरून मानत. १८८४ च्या ऑक्टोबरमध्ये मार्थाबाई त्यांच्या चौथ्या बायको झाल्या. लग्न गुपचूप झालं, कारण सरकारच्या कायद्याने तो गुन्हा होता.

इथे आपण अडखळतो. एवढी शिकलेली, स्वतःच्या पायावर उभी असलेली बाई चौथी बायको व्हायला तयार कशी झाली? एक तर त्यांची आपल्या पंथावर मनापासून श्रद्धा होती. दुसरं, नवरा वाटून घेतला तर बाईला स्वतःच्या कामाला मोकळा वेळ मिळतो, असं त्या पुढे एकदा वर्तमानपत्राला हसतहसत सांगून गेल्या. आपल्याला हे पटणार नाही आणि पटू नयेच. हसून सांगितलेल्या या गोष्टीची किंमत त्यांनी काय मोजली, ते पुढे येतंच.

तान्ही मुलगी घेऊन परागंदा

सरकारने अशा लग्नांविरुद्ध धरपकड सुरू केली. १८८५ मध्ये अँगस यांना शिक्षा झाली, ते तुरुंगात गेले. त्याच वर्षी मार्थाबाईंना मुलगी झाली, एलिझाबेथ. आता हे मूलच नवऱ्याविरुद्धचा पुरावा. पण त्याहून मोठा पेच डॉक्टर म्हणून होता. कितीतरी घरांतल्या दुसऱ्या-तिसऱ्या बायकांची बाळंतपणं त्यांनी केली होती. कोर्टात साक्षीला उभं केलं असतं, तर कुणाचं मूल कुणाचं हे सांगावं लागलं असतं आणि त्या मुलांचे बाप तुरुंगात गेले असते. ज्या घरांनी विश्वासाने दार उघडलं, त्यांच्याविरुद्ध तोंड कसं उघडायचं?

१८८६ मध्ये त्या तान्ह्या मुलीला घेऊन इंग्लंडला निघून गेल्या. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये फिलाडेल्फियात आनंदीबाईंना पदवी मिळाली होती. एकीच्या हाती पदवी येत होती आणि दुसरी पदवी असून दवाखाना सोडून परक्या देशात लपत होती.

जवळजवळ दोन वर्षं हा अज्ञातवास चालला. आज या गावी, उद्या त्या गावी. नवऱ्याला लिहिलेली त्यांची त्या काळातली पत्रं जपली गेली आहेत. त्यांत एकटेपण आहे, लेकीची काळजी आहे, घरची ओढ आहे आणि सवतींबद्दलचा जळफळाटही आहे. अँगस यांनी पुढे आणखी दोन लग्नं केली, एकूण सहा बायका. पंथाचं तत्त्व डोक्याने मान्य केलं, तरी मनाला ते कुठे ऐकवत होतं? मोकळा वेळ वगैरे बोलायला ठीक. बाईचं काळीज शिकून काही वेगळं होत नाही.

परत आल्यावर रडत बसायला मात्र त्यांनी वेळ काढला नाही. सॉल्ट लेक सिटीत नर्सेससाठी प्रशिक्षण वर्ग काढला. पुन्हा दवाखाना मांडला. १८९० मध्ये मुलगा झाला, जेम्स. त्याच वर्षी पंथाने अशी नवी लग्नं थांबवल्याचं जाहीर केलं. पोराबाळांना घेऊन काही काळ सॅन फ्रान्सिस्कोत काढून त्या परतल्या. स्वतःच्या कमाईवरच त्या बहुतेक संसार रेटत होत्या.

मिळालेलं मत, काढून घेतलेलं मत

यूटाच्या बायकांना १८७० मध्येच मतदानाचा हक्क मिळाला होता. पण अनेक बायकांच्या प्रथेविरुद्ध केंद्र सरकारने १८८७ मध्ये जो कडक कायदा केला, त्यात बायकांचं मतही काढून घेतलं. गुन्हा पुरुषांचा म्हणायचा आणि हक्क गेला बायकांचा! मार्थाबाई या अन्यायाविरुद्ध सभांतून बोलू लागल्या. वक्तृत्वाची ती शाळा आता कामी आली. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक मेळाव्यात त्यांचं भाषण झालं. त्याच मेळाव्याच्या वेळच्या धर्मपरिषदेत आपले स्वामी विवेकानंद बोलले होते. जानेवारी १८९६ मध्ये यूटा राज्य झालं आणि राज्यघटनेत बायकांना मत देण्याचा आणि निवडणूक लढवण्याचाही हक्क पक्का झाला.

त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला राज्याच्या सिनेटची निवडणूक लागली. सॉल्ट लेक परगण्यातून पाच जागा होत्या. मार्थाबाई डेमोक्रॅटिक पक्षातर्फे उभ्या राहिल्या. समोर रिपब्लिकन उमेदवारांत खुद्द अँगस कॅनन होते आणि बायकांच्या चळवळीतल्या त्यांच्या थोर सहकारी एमेलिन वेल्सही. एकेका जागेसाठी समोरासमोर लढत नव्हती. पाच जागांना मिळून सगळे उमेदवार, त्यामुळे नवराबायको दोघंही निवडून येऊ शकले असते. पण डेमोक्रॅटिक पक्षाने पाचही जागा मारल्या. मार्थाबाई आल्या, नवरा पडला, एमेलिनबाईही पडल्या.

वर्तमानपत्रांना तर मेजवानीच मिळाली. कुणी टवाळी केली, कुणी बाईंना मत द्या म्हणून आधीच सांगितलं होतं. नवऱ्याचं राजकारण वेगळं, माझं वेगळं, ही गोष्ट मार्थाबाईंनी भांडण न करता, थेट मतपेटीतून सांगितली.

स्टूल, पाणी आणि शाळा

जानेवारी १८९७ मध्ये त्या सभागृहात जाऊन बसल्या. मला विचाराल तर त्यांची खरी गोष्ट इथून पुढची. पहिल्याच अधिवेशनात त्यांनी जी कामं पुढे आणली, त्यातलं प्रत्येक काम दवाखान्यात दिसलेल्या दुखण्यावरचं होतं.

पहिलं, दुकानात काम करणाऱ्या मुली आणि बायकांचं. दिवसभर उभं राहून पाय सुजायचे, कंबर जायची. अशा रोग्याला औषध काय देणार? उद्या ती पुन्हा दहा तास उभीच राहणार. म्हणून कायदा केला, की मालकाने कामावरच्या बायकांसाठी बसायला खुर्ची किंवा स्टूल ठेवलं पाहिजे आणि काम नसेल तेव्हा बसू दिलं पाहिजे. साडीच्या दुकानात आपण गादीवर बसून साड्या पाहतो. दाखवणाऱ्या मुलीला सकाळपासून किती वेळा बसायला मिळालं, हे आपल्यापैकी किती जणी विचारतो? आपल्या देशात केरळने असा बसण्याचा हक्क २०१८ मध्ये दिला आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये. यूटाच्या या डॉक्टरीणबाई त्याच्या शंभरावर वर्षं पुढे होत्या.

दुसरं, मुक्या, बहिऱ्या आणि आंधळ्या मुलांच्या सक्तीच्या शिक्षणाचं. अशा मुलाला घरात कोपऱ्यात ठेवायचं, चार लोकांत आणायचं नाही, ही गोष्ट आपल्यालाही परकी नाही. बचत गटाच्या कामासाठी घरोघर जाताना आतल्या खोलीत ठेवलेली अशी मुलं मी पाहिली आहेत. आईला विचारलं, की ती पदराला डोळे लावते. मार्थाबाईंनी कायद्यानेच सांगितलं, की या मुलांना शाळेत पाठवलं पाहिजे. मुक्याबहिऱ्यांच्या शाळेच्या मंडळावरही त्यांनी काम केलं.

तिसरं आणि सगळ्यांत मोठं काम म्हणजे राज्याचं आरोग्य मंडळ. घटसर्प, विषमज्वर, देवी यांनी घरंच्या घरं रिकामी व्हायची. घाण पाणी, उघडी गटारं, साथ आली तरी कुणाला खबर नाही. एकेक रोगी बरा करत बसलं, तरी पाणी घाण आहे तोवर दुसरे दहा आजारी पडणार, हे डॉक्टरला कळत होतं. म्हणून संबंध राज्याच्या स्वच्छतेवर, पाण्यावर आणि साथीच्या रोगांवर लक्ष ठेवणारं मंडळ स्थापन करण्याचा कायदा त्यांनी पुढे आणला आणि मंडळाच्या पहिल्या सभासदांमध्ये त्याही होत्या. पाण्यातून पसरणारा रोग ही काही जुन्या काळातलीच गोष्ट नाही, हे पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी येणाऱ्या कुठल्याही गल्लीतली बाई सांगेल.

१८९८ मध्ये त्या वॉशिंग्टनला गेल्या आणि संसदेच्या समितीपुढे बायकांच्या मताधिकाराची बाजू मांडली. आमच्याकडे बायका मत देतात, निवडून येतात आणि त्याने काही बिघडलेलं नाही, हा अनुभवच त्यांनी समितीपुढे ठेवला.

एक बाळ आणि संपलेली कारकीर्द

पुढे काय झालं? १८९९ मध्ये, सिनेटची मुदत चालू असतानाच, त्यांना तिसरं मूल झालं, मुलगी ग्वेंडोलिन. घरात पाळणा हलला आणि बाहेर गहजब उडाला. नवी लग्नं थांबली असली, तरी चौथ्या बायकोशी संसार चालू आहे याचा हा पुरावाच. अँगस यांना शंभर डॉलर दंड झाला, विषय संपला. मार्थाबाईंची मात्र राजकारणातली वाटच बंद झाली. पुन्हा त्या निवडणुकीला उभ्या राहिल्या नाहीत. कायदा दोघांनी मोडला होता, पण एकाला दंड भरून मोकळं होता आलं आणि दुसरीची कारकीर्द गेली. हा हिशेब कुठल्याही देशातल्या बाईला ओळखीचा वाटेल.

डॉक्टरी मात्र त्यांनी सोडली नाही. क्षयरोगाविरुद्धच्या कामात भाग घेतला. पुढे लॉस एंजेलिसला मुलाजवळ राहायला गेल्या, तिथेही दवाखान्यात रोगी तपासत राहिल्या. अँगस १९१५ मध्ये वारले. १९२० मध्ये साऱ्या अमेरिकेतल्या बायकांना मताधिकार मिळाला, तो दिवस मार्थाबाईंनी पाहिला. १० जुलै १९३२ रोजी, वयाच्या पंचाहत्तराव्या वर्षी त्या गेल्या. जाण्याआधी आपल्या रोजनिशा जाळून टाका, असं त्यांनी मुलांना सांगून ठेवलं होतं आणि त्या जाळल्याही. आयुष्यभर सभांमधून बोललेल्या या बाईने घरातलं दुःख मात्र स्वतःबरोबरच नेलं.

त्यांच्या राज्याने त्यांना विसरायला वेळ लावला नाही, आठवायला मात्र बराच लावला. पुढे आरोग्य खात्याच्या इमारतीला त्यांचं नाव दिलं गेलं. आणि २०२४ मध्ये वॉशिंग्टनच्या संसदभवनात यूटातर्फे त्यांचा पुतळा बसला. प्रत्येक राज्याला तिथे दोनच पुतळे ठेवता येतात. टेलिव्हिजनच्या शोधात मोठा वाटा असलेल्या फिलो फार्न्सवर्थ यांच्या पुतळ्याच्या जागी आता या डॉक्टरीणबाई उभ्या आहेत.

मैत्रिणींनो, आपल्या महाराष्ट्रात १९९३ नंतर स्थानिक संस्थांत एक तृतीयांश जागा आणि २०११ पासून निम्म्या जागा बायकांना मिळाल्या. आपल्यातल्या कितीतरी जणी आज सरपंच आहेत, नगरसेविका आहेत. सभेत काय बोलायचं, कुठला विषय काढायचा, अशी धास्ती नव्याने निवडून आलेल्या बाईला वाटतेच. मार्थाबाईंनी विषय शोधायला लांब जाणं केलं नाही. रोग्याच्या सुजलेल्या पायांत, घाण पाण्यात आणि घरात लपवलेल्या मुलात त्यांना ते सापडले. हे तिन्ही विषय आपल्या वॉर्डातही आहेत. पुढच्या ग्रामसभेत त्यातला एक तरी कागदावर लिहून घ्या, आणि त्याखाली सही आपली स्वतःची करा.